नावापुढची अक्षरे

नाशिकहून आग्रा महामार्गाने उत्तरेकडे निघाले की थोड्याच वेळात ओझर लागते. गावाचे नाव सांगताना आजही लोक त्याला एक शेपूट जोडतात : ‘ओझर मिग’. मिकोयान आणि गुरेविच या दोन सोव्हिएत विमानतज्ज्ञांची आद्याक्षरे निफाड तालुक्यातल्या एका गावाच्या नावात अशी कायमची जाऊन बसली आहेत. मलकापूर-शेगावकडून मुंबईला जाणाऱ्या वऱ्हाडी प्रवाशाच्या उजव्या हाताला, मनमाड सोडून निफाड गाठता गाठता, काही मैलांवर हा कारखाना असतो, पण रुळांवरून तो दिसत नाही. 26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगड येथे भारतीय वायुदलाने शेवटच्या मिग-21 विमानांना निरोप दिला, तेव्हा वर्तमानपत्रांतून दोनच विशेषणे फिरत होती. एक ‘वायुदलाचा कणा’, दुसरे ‘उडती शवपेटी’. दोन्ही विशेषणे मिग-21 हे एकच विमान होते असे धरून चालतात. बासष्ट वर्षे सेवेत राहिलेल्या यंत्राबद्दल असे धरणे म्हणजे आजोबा आणि नातू यांचा एकच फोटो काढण्यासारखे आहे. या विमानाचा इतिहास त्याच्या नावापुढच्या अक्षरांत आहे : एफ-13, पीएफ, एफएल, एम, बिस, बायसन. ही अक्षरे वाचताना वेग किती वाढला आणि क्षेपणास्त्रे किती लागली याचीच मोजदाद नेहमी होते. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. विमानात कोणता बदल करायचा हे ठरवले कोणी? त्या प्रश्नाचे उत्तर दर अक्षरागणिक बदलत गेले आहे, आणि ओझरचे यश-अपयश त्याच उत्तराला बांधलेले आहे.

सुरुवात निकडीतून झाली. साठच्या दशकाच्या आरंभी पाकिस्तानला अमेरिकेकडून एफ-104 स्टारफायटर ही ध्वनीच्या दुप्पट वेगाची विमाने मिळाली आणि भारताला तोडीचे काही तरी हवे झाले. ब्रिटनचे लाइटनिंग, फ्रान्सचे मिराज, खुद्द स्टारफायटर असे पर्याय चर्चेत होते. सोव्हिएत संघाच्या प्रस्तावात दोन गोष्टी वेगळ्या होत्या. पैसे रुपयांत चुकते करता येणार होते, आणि विमान भारतात बांधण्याचा परवाना मिळणार होता. करार झाला ऑगस्ट 1962 मध्ये, म्हणजे चीनच्या आक्रमणाच्या आधी. चीनच्या हल्ल्याने घाबरून आपण रशियन विमाने घेतली हा समज त्यामुळे तारखेच्या कसोटीवर टिकत नाही. ऑगस्ट 1963 मध्ये या कामासाठी एरोनॉटिक्स इंडिया लिमिटेड ही कंपनी निघाली आणि 1 ऑक्टोबर 1964 रोजी ती बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये विलीन होऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड, म्हणजे आपली ‘एचएएल’, जन्माला आली. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला अशी वाटणी झाली. ती ठरत असताना यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते आणि 1963 च्या पोटनिवडणुकीत ते नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर गेले होते. ओडिशाच्या मुख्यमंत्रिपदी बिजू पटनाईक होते, आणि ते स्वतः वैमानिक. एकाच विमानाचे अवयव शेकडो मैलांवरच्या तीन राज्यांत का विखुरले, याचे सगळेच उत्तर अभियांत्रिकीत शोधू नये.

पहिली विमाने मात्र रशियातून आली. मार्च 1963 मध्ये चंडीगडला 28 क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली. तिचे नेतृत्व विंग कमांडर दिलबाग सिंग यांच्याकडे होते. पुढे तेच वायुदलप्रमुख झाले. 1965 चे युद्ध लागले तेव्हा मिगची संख्या इतकी थोडी होती की युद्धाच्या निकालावर त्यांचा परिणाम जवळजवळ झालाच नाही. तरी 4 सप्टेंबरचा एक प्रसंग या सगळ्या इतिहासाची गुरुकिल्ली आहे. विंग कमांडर एम. एस. डी. वोलेन यांच्या समोर एक पाकिस्तानी सेबर आले. त्यांनी दोन्ही के-13 क्षेपणास्त्रे डागली. दोन्ही चुकली. सेबर अगदी आवाक्यात होते, पण विमानाला तोफच नव्हती. पन्नाशीच्या दशकातल्या आरेखनकारांची खात्री होती की यापुढे हवाई लढाया क्षेपणास्त्रांनीच होतील आणि तोफ हे नुसते ओझे आहे. ती खात्री मॉस्कोत जन्मली होती आणि इथल्या आकाशात खोटी ठरली. (हेच वोलेन पुढे एचएएलचे अध्यक्ष झाले, ही इतिहासाची एक समर्पक खोडी.)

ओझरने बांधलेले पहिले रूप ‘एफएल’, वायुदलाच्या बोलीत ‘टाइप 77’. 1966 पासून रशियातून आलेल्या सुट्या भागांची जुळणी सुरू झाली, मग मोठे भाग इथे घडू लागले, आणि 1970 मध्ये कच्च्या मालापासून इथेच घडवलेले पहिले विमान वायुदलाच्या हवाली झाले. सुमारे दोनशे एफएल ओझरमधून बाहेर पडली. या विमानालाही अंगची तोफ नव्हती. तिच्या जागी पोटाखाली एक वेगळा खोका बसवता येई, त्यात 23 मिलिमीटरची दुनळी तोफ असे. ही सोय म्हणजे एका चुकीवर मारलेले ठिगळ होते, पण ठिगळ कामी आले. 12 डिसेंबर 1971 रोजी जामनगरजवळ, कच्छच्या आखातावर, फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांनी पाकिस्तानचे विंग कमांडर मर्विन मिडलकोट यांचे स्टारफायटर पाडले, आणि ते या तोफेच्याच बळावर. ज्या स्टारफायटरच्या धाकाने मिग विकत घेतले होते त्याच्याशी हिशेब नऊ वर्षांनी असा चुकता झाला. पूर्व आघाडीवर तर एफएलने त्याच्या आरेखनात कुठेच न लिहिलेले काम केले. उंचावरच्या बॉम्बफेकी विमानांना अडवण्यासाठी बनलेले हे विमान 500 किलोचे बॉम्ब घेऊन ढाक्याच्या तेजगाव विमानतळाच्या धावपट्टीवर तुटून पडले. 14 डिसेंबरला विंग कमांडर बी. के. बिश्नोई यांच्या नेतृत्वाखाली 28 स्क्वाड्रनच्या चार मिगनी ढाक्यातल्या गव्हर्नमेंट हाउसवर 57 मिलिमीटर रॉकेटांचा मारा केला. इमारत शोधायला त्यांच्याकडे होता शहराचा पर्यटकी नकाशा. त्याच दिवशी पूर्व पाकिस्तानचे गव्हर्नर ए. एम. मलिक यांनी राजीनामा दिला. विमान तेच राहिले आणि त्याचे काम मात्र वापरणाऱ्यांनी बदलले. भारतीय हातांनी केलेला पहिला खरा बदल हा असा कागदावर न उतरलेला होता.

पुढची दोन रूपे ‘एम’ आणि ‘बिस’. एममध्ये तोफ पोटात आली आणि पंखाखालच्या शस्त्रांच्या जागा दोनवरून चार झाल्या. 1973 ते 1981 या काळात ओझरने दीडशेच्या वर एम बांधली. हृषीकेश मुळगावकर वायुदलप्रमुख असताना, 1976-77 च्या सुमारास, बिस सेवेत येऊ लागले आणि 1987 पर्यंत ओझरमधून दोनशेहून अधिक बिस निघाली. बिसचे इंजिन आर-25. कमी उंचीवर काही मिनिटांपुरती जादा ताकद देण्याची तजवीज त्यात होती. प्रत्येक रूपाने मागच्याची एक उणीव भरून काढली हे खरे. पण जमाखर्चाची दुसरी बाजू फारशी मांडली जात नाही. इंधन वाढले, रडार वाढले, तोफ आली, इंजिन जड झाले, आणि एफ-13 ते बिस या प्रवासात विमानाचे भरलेले वजन टनभराहून अधिक वाढले. पंख मात्र तेवढेच राहिले, 23 चौरस मीटरचे. पंखाचे क्षेत्रफळ तेच आणि वजन जास्त, याचा अर्थ विमानाला उतरताना वेगाने उतरावे लागणार, तीव्र वळणात ते लवकर ढासळणार. फ्लॅपवर इंजिनातली हवा सोडून उतरण्याचा वेग थोडा कमी करण्याची युक्ती नंतरच्या रूपांत होती, तरीही मिग-21 मोठ्या वेगानेच जमिनीला टेकत असे. अक्षरे बदलत होती, ओझे वाढत होते, आणि ते पेलणारा पंख 1955-56 च्या कागदावरचाच होता.

तो पंख बदलता आला असता का? याचे उत्तर तर्काने देण्याची गरज नाही, कारण शेजाऱ्याने तो बदलून दाखवला. चीनला मिग-21 चा परवाना 1961 मध्ये मिळाला, पण मॉस्कोशी बिनसल्यामुळे कागदपत्रे अपुरी आली. उरलेले विमान चिनी अभियंत्यांनी उघडून, मोजून, चुकत-माकत स्वतः बनवले आणि त्याला जे-7 नाव दिले. 1990 मध्ये उडालेल्या जे-7ई या रूपात त्यांनी साधा त्रिकोणी पंख टाकून मधेच कोन बदलणारा दुहेरी त्रिकोणी पंख लावला. विमान हळू उतरू लागले, चांगले वळू लागले. त्याच घराण्यातले एफ-7पीजी पुढे पाकिस्तानने घेतले. एकाच वंशवृक्षाच्या दोन फांद्या अशा वाढल्या. अर्धवट कागद मिळालेल्या कारखान्याने पंख बदलला, आणि संपूर्ण कागद मिळालेल्या कारखान्याने त्या कागदाबरहुकूम शेकडो विमाने बिनचूक बांधली. ओझरच्या कारागिरांचे हात कमी कुशल होते असा याचा अर्थ नाही. परवान्यातच ती मर्यादा होती. ड्रॉइंग रशियाचे, त्यात बदल करायचा तर परवानगीही रशियाची.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. चीनने पंख बदलला तो नाइलाजाने, कारण त्याला दुसरे कोणी विमान विकत नव्हते. भारताला जग्वार मिळत होते, मिराज-2000 मिळत होते, मिग-29 मिळत होते, मग जुन्या मिगच्या पंखावर पैसा का घालवायचा? शिवाय बदल करण्याची कुवत भारतात नव्हती असेही नाही. बंगळुरूला कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली एचएफ-24 मारुत हे संपूर्ण लढाऊ विमान आरेखित झाले, ते 1961 मध्ये उडाले, आणि एचएएलने तशी जवळजवळ दीडशे बांधली. ब्रिटिश नॅटच्या पंखात इंधन भरून, नियंत्रणे सुधारून त्याचे ‘अजित’ केले तेही बंगळुरूलाच. हे सगळे मान्य. पण त्यातून माझाच मुद्दा घट्ट होतो. विमानात बदल करण्याची विद्या आपल्याकडे होती ती बंगळुरूला, आणि अचूकतेने विमान बांधण्याची विद्या ओझरला. मारुतला पुरेसे जोरदार इंजिन कधीच मिळाले नाही, आणि मिगला पंख बदलणारा आरेखनकार कधीच मिळाला नाही. एकाच कंपनीच्या दोन घरांत दोन अर्धी उत्तरे पडून होती. परदेशी विमाने मिळत होती म्हणून पंख बदलला नाही हा युक्तिवादही तारखांपुढे लटका पडतो, कारण ती विमाने घेऊनही मिग-21 निवृत्त झाले नाही. त्याची जागा घेणाऱ्या स्वदेशी तेजस प्रकल्पाला 1983 मध्ये मंजुरी मिळाली, त्याचे पहिले उड्डाण 4 जानेवारी 2001 ला झाले आणि पहिली स्क्वाड्रन उभी राहिली जुलै 2016 मध्ये. या तेहेतीस वर्षांत वायुदलाची पोकळी जुन्या मिगनेच भरली.

या भरपाईची किंमत माणसांनी दिली. 2012 मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार मिग घराण्याच्या 872 विमानांपैकी 482 अपघातांत गेली होती आणि 171 वैमानिकांसह दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती. ‘उडती शवपेटी’ हे नाव अशा आकड्यांतून आले. त्यावर वायुदलाचे नेहमीचे उत्तर असे की विमान नीट आहे, उड्डाणे प्रचंड झाली म्हणून अपघातांची बेरीज मोठी दिसते. या उत्तरात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. किरणसारख्या मंद प्रशिक्षण विमानावरून तरुण वैमानिक थेट मिग-21 वर जात असे. ही दरी बुजवायला प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवे, हे ला फाँटेन समितीने 1982 मध्येच सांगितले होते. तसे विमान, म्हणजे हॉक, घेण्याचा करार झाला 2004 मध्ये आणि ती विमाने सेवेत आली 2008 पासून. मधल्या काळात ती दरी बुजवायला वापरले कोणते विमान? तेच एफएल. एकाहत्तरचे अडवणारे, बॉम्ब टाकणारे एफएल म्हातारपणी शिकाऊंचे विमान झाले आणि डिसेंबर 2013 मध्ये कलाईकुंडा येथे निवृत्त झाले. सर्वांत जुने, सर्वांत हट्टी रूप सर्वांत अननुभवी हातात, असा हा हिशेब होता. 17 सप्टेंबर 2001 रोजी सुरतगडला रात्रीच्या उड्डाणात फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले. त्यांचे वडील अनिल गाडगीळ स्वतः वायुदलातून निवृत्त झालेले विंग कमांडर, आणि आई कविता गाडगीळ. या अपघातांना जबाबदार कोण, हा प्रश्न दोघांनी पुढे कित्येक वर्षे जाहीरपणे विचारला. वैमानिकाची चूक की यंत्राची, असा दुहेरी पेच टाकला की तिसरा जबाबदार नजरेआड होतो, आणि तो म्हणजे निर्णयाला लागलेला वेळ.

‘बायसन’ हे रूप या रांगेत वेगळे उभे आहे. 1996 मध्ये सव्वाशे बिस विमाने आधुनिक करण्याचा करार झाला. पहिली दोन रशियात निझ्नी नोव्हगोरोदला घडली, बाकीची ओझरला. रडार रशियन, नाव ‘कोप्यो’ म्हणजे भाला. दिशादर्शक यंत्रणा फ्रेंच. शत्रूच्या रडारची चाहूल देणारे ‘तरंग’ भारतीय. वैमानिकाने ज्याच्याकडे मान वळवली त्याच्यावर क्षेपणास्त्राचा रोख धरणारे शिरस्त्राण. आतापर्यंत मॉस्को ठरवी आणि ओझर बांधी. इथे प्रथमच काय बसवायचे याची यादी दिल्लीने केली. 2004 मध्ये ग्वाल्हेरला अमेरिकी एफ-15 विमानांबरोबर झालेल्या सरावात बायसनने पाहुण्यांना चकित केले. सरावाचे नियम अमेरिकनांना जाचक होते अशी सबब नंतर पुढे आली, आणि ती निव्वळ सबब नव्हती. तेव्हा ग्वाल्हेरवरून फार मोठे अनुमान काढू नये. 27 फेब्रुवारी 2019 ला विंग कमांडर अभिनंदन वर्धमान बायसनमधूनच झेपावले. त्यांनी एक एफ-16 पाडल्याचे भारत सांगतो, पाकिस्तान ते नाकारतो, आणि त्यांचे स्वतःचे विमान पडले याबद्दल वाद नाही. बायसनचे डोळे नवे होते, मेंदू नवा होता, पण पंख आणि सांगाडा बिसचाच. मे 2023 मध्ये राजस्थानात हनुमानगढजवळ बायसन कोसळून गावातल्या तीन स्त्रिया दगावल्या, तेव्हा नव्या रडारचा त्यांना काही उपयोग नव्हता.

ओझरने मधल्या काळात मिग-27 चीही दीडशेच्या वर विमाने बांधली. आपण त्याला ‘बहादूर’ म्हणत असू. कारगिलमध्ये ते लढले आणि डिसेंबर 2019 मध्ये जोधपूरला निवृत्त झाले. त्याची कथा वेगळ्या लेखाची आहे. या लेखाच्या धाग्यात बसते ते सुखोई-30एमकेआय. यातला शेवटचा ‘आय’ म्हणजे इंडियन. नाकाजवळचे छोटे पंख, दिशा बदलणारे इंजिनाचे तोंड, फ्रेंच-इस्रायली-भारतीय उपकरणांची सरमिसळ, हे सगळे भारताच्या मागणीवरून एकत्र आले, आणि पुढे मलेशिया, अल्जीरियाच नव्हे तर खुद्द रशियाने आपल्या सुखोईंसाठी हाच साचा घेतला. ओझरमध्ये बांधलेले पहिले एमकेआय नोव्हेंबर 2004 मध्ये वायुदलाला मिळाले. आणखी पुढची पायरी 25 जून 2016 ची. ब्रह्मोस क्षेपणास्त्र पोटाखाली घेऊन सुखोईने पहिले उड्डाण केले ते ओझरच्या धावपट्टीवरून. सुमारे अडीच टनांचे ते क्षेपणास्त्र पेलण्यासाठी सांगाडा बळकट करण्याचे काम एचएएलने केले. पंखाला जे कधी करता आले नाही ते पोटाला केले, असे म्हणता येईल.

टीकाकार म्हणतात की हे सगळे शेवटी पान्याचे काम. टायटॅनियम बाहेरून, इंजिनातले कळीचे भाग बाहेरून, आणि तयार विमान रशियातून आणले असते तर स्वस्त पडले असते. किमतीबद्दलचा आक्षेप खोडून काढणे अवघड आहे. पण विमान विकत घेणे आणि चाळीस वर्षे उडते ठेवणे हे दोन वेगळे खर्च आहेत. ओझरलाच 1974 पासून वायुदलाचे 11 क्रमांकाचे दुरुस्ती केंद्र आहे. तिथे विमान खिळ्या-स्क्रूपर्यंत उघडून पुन्हा जोडले जाते. सोव्हिएत संघ 1991 मध्ये कोसळला आणि सुट्या भागांचा पुरवठा अनेक देशांत खुंटला, तेव्हा ज्यांच्याकडे नुसती विकत घेतलेली विमाने होती त्यांची अवस्था आणि आपली अवस्था एक नव्हती. पान्याच्या कामाची खरी किंमत त्या वर्षांत कळली.

मिग-21 च्या निरोपानंतर तीन आठवड्यांनी, 17 ऑक्टोबर 2025 रोजी, ओझरमध्ये जुळवलेले पहिले तेजस मार्क 1ए तिथल्या धावपट्टीवरून उडाले. त्याचा पंख बंगळुरूच्या कागदावरचा आहे. इंजिन अमेरिकेतून येते, आणि मार्क 1ए साठी ते ठरल्यापेक्षा उशिरा येऊ लागले.